माशांच्या अंगावरील परजीवी : ओळख, मात्रा आणि उपचाराचे वेळापत्रक

मत्स्यालयातला मासा दगडावर किंवा हीटरच्या नळीवर अंग घासू लागला, की इंदुरातील बहुतेक घरांत पुढचा क्रम ठरलेला असतो. जवळच्या दुकानातून निळ्या किंवा हिरव्या औषधाची बाटली येते, "भिया, दो-दो बूँद डाल दो" एवढ्या सूचनेवर ते औषध टाकीत पडते, दोन-तीन दिवसांत ठिपके नाहीसे होतात, औषध बंद होते आणि पुढच्या आठवड्यात तेच मासे पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त ठिपके घेऊन पृष्ठभागावर धापा टाकताना दिसतात. औषध बनावट निघाले, असा निष्कर्ष मग काढला जातो. बहुधा औषध खरेच असते. चुकलेले असते ते वेळापत्रक. माशाच्या अंगावर राहणाऱ्या बहुतेक परजीवींच्या आयुष्यात असा एक काळ असतो ज्यात औषध त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि दुसरा, बराच लहान काळ असा असतो ज्यात ते पाण्यात उघडे पडतात. उपचार करायचा तो या दुसऱ्या काळात. म्हणून कोणता परजीवी आहे, टाकीत पाणी किती आहे आणि त्या पाण्याचे तापमान किती आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडू नये.

पहिली पायरी : पाणी तपासणे

अंग घासणे, पर मिटून कोपऱ्यात बसणे, पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करणे, ही लक्षणे जशी परजीवींची आहेत तशीच ती अमोनिया, नायट्राइट आणि क्लोरीन यांचीही आहेत. थेंबांचा चाचणी संच घेऊन अमोनिया आणि नायट्राइट आधी मोजावेत. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत दोन्ही शून्य असायला हवेत. तसे ते नसतील तर एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलून एक-दोन दिवस वाट पाहावी. औषधाचा विचार त्यानंतर करावा. आणखी एक खूण उपयोगी पडते. त्रास पाणी बदलल्यावर काही तासांतच आणि सगळ्या माशांना एकदम सुरू झाला असेल तर दोष पाण्याचा असतो. एक-दोन माशांपासून सुरू होऊन दिवसागणिक पसरत जाणारा त्रास परजीवींचा असण्याची शक्यता अधिक.

इंदुरात हा तपास विशेष महत्त्वाचा आहे, कारण एकाच घरात दोन तऱ्हांचे पाणी वापरले जाते. नर्मदेचे नळाचे पाणी क्लोरीन घातलेले असते आणि अनेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येते. मधल्या दिवशी बोअरचे पाणी वापरले जाते आणि माळव्याच्या काळ्या खडकातले ते पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते. आज हे आणि उद्या ते असे पाणी टाकीत पडत राहिले तर परजीवी नसतानाही मासे बेचैन होतात, आणि औषधांची तीव्रताही पाण्याच्या जातीप्रमाणे बदलते. उपचाराच्या काळात तरी एकच स्रोत धरून ठेवावा. नळाचे पाणी बादलीत भरून त्यात क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेट टाकावे, किंवा ते हवेच्या पंपासह दिवसभर तसेच ठेवावे. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून उतरलेले पाणी हाताला चटका लावण्याइतके तापलेले असते, तर जानेवारीच्या सकाळी तेच बोटे गारठवते. म्हणून थर्मामीटर आधी बादलीत बुडवावा आणि मगच पाणी टाकीत ओतावे.

दुसरी पायरी : टाकीतील पाण्याचे माप

"दोन फुटी टाकी" हे माप औषधासाठी निरुपयोगी आहे. लांबी, रुंदी आणि पाण्याची प्रत्यक्ष उंची इंचांत मोजून तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला ६१ ने भागावे. उत्तर लिटरमध्ये येते. सेंटिमीटरमध्ये मोजल्यास गुणाकाराला १,००० ने भागावे. २४ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १४ इंच पाणी असलेल्या टाकीत या हिशेबाने सुमारे ६६ लिटर पाणी येते, आणि वाळू व दगड यांनी व्यापलेला दहावा भाग वजा केला तर सुमारे ६० लिटर उरते. पुढील सर्व उदाहरणे या ६० लिटरच्या टाकीची आहेत.

वजनासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा, सराफाच्या दुकानात असतो तसा लहान डिजिटल काटा आता फारसा महाग राहिलेला नाही, आणि मासे पाळणाऱ्याने तो घ्यावाच असे माझे मत आहे. त्याहूनही लहान मात्रा मोजायच्या असतील तर १ ग्रॅम औषध १ लिटर पाण्यात विरघळवून साठा-द्रावण करावे. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असते, आणि ते सिरिंजने बिनचूक मोजता येते. चमचा, चिमूट, झाकण ही मापे स्वयंपाकघरात शोभतात.

तिसरी पायरी : परजीवी ओळखणे

खोलीतील दिवे मालवून, टाकीचा दिवा बंद करून, विजेरीचा झोत माशाच्या अंगावर वरून तिरपा पाडावा. सरळ उजेडात न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी या तिरप्या उजेडात उठून दिसतात. साखरेच्या किंवा मिठाच्या दाण्याएवढे, सुटे, मोजता येतील असे पांढरे ठिपके असतील तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला मासे पाळणारे सरसकट "इक" म्हणतात. ठिपके न दिसता अंगावर सोनेरी किंवा तांबूस भुकटी शिंपडल्यासारखी दिसली तर तो मखमल रोग. त्वचेवर राखाडी, धुरकट बुळबुळीचा थर आला असेल तर कॉस्टिया, ट्रायकोडिना किंवा चिलोडोनेला यांपैकी कोणीतरी असावे. वरून काहीच दिसत नाही, पण मासा अधूनमधून झटका देऊन अंग घासतो, किंवा कल्ल्याचे एक झाकण मिटून दुसऱ्यानेच श्वास घेतो, अशा वेळी चपट्या कृमींचा संशय घ्यावा. खवल्यांतून बाहेर आलेला दोऱ्यासारखा तुकडा म्हणजे लर्निया. आणि अंगावर फिरणारी, पारदर्शक, मसुरीएवढी चपटी चकती म्हणजे आर्ग्युलस, अर्थात माशांची ऊ.

येथे एक फसगत नेहमी होते. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर बारीक पांढरे टिपके येतात. ते रांगेत, ठरावीक जागीच असतात, शेपटीवर किंवा पाठीवर विखुरलेले नसतात, आणि मासा खातो-पितो, माद्यांच्या मागे धावतो. हा आजार नव्हे, आणि त्याला कोणतेही औषध नको.

खात्रीचे निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते. महाविद्यालयीन विद्यार्थी वापरतात तसा, ४० ते ४०० पट मोठे दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. काचपट्ट्या आणि आच्छादक काचा दवा बाजारात किंवा प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात. पट्टीवर टाकीतल्याच पाण्याचा एक थेंब ठेवावा, नळाचा नव्हे, कारण क्लोरीनने परजीवी तेथल्या तेथे मरतात आणि मेलेला परजीवी ओळखणे अवघड असते. हात ओले करून मासा ओल्या जाळीत अलगद धरावा आणि आच्छादक काचेची कड छातीच्या पराच्या मागून शेपटीच्या दिशेने एकदाच, खवल्यांच्या कलाने, हलकेच ओढावी. काचेवर पाणचट, करडी बुळबुळ येते. मासा लगेच पाण्यात सोडावा. सारे काम दहा-पंधरा सेकंदांत उरकले पाहिजे. ती बुळबुळ थेंबावर ठेवून, वर आच्छादक काच टाकून, काही मिनिटांच्या आत पाहावी.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला नजरेसमोर फक्त कचरा दिसतो. मग त्या कचऱ्यातले काहीतरी हलते. सावकाश, जडपणे गडगडत जाणारा मोठा गोळा आणि त्यात घोड्याच्या नालेच्या आकाराचे केंद्रक दिसले की तो इक. याबाबत दुसरी शंका उरत नाही. वरून पाहिल्यास दातेरी कड्यासारखी आणि सतत गरगरणारी गोल चकती म्हणजे ट्रायकोडिना. पानाच्या आकाराचा, संथपणे घसरत जाणारा एकपेशीय जीव चिलोडोनेला. कॉस्टिया फारच लहान. ४०० पटींत तो स्वल्पविरामाएवढा, थरथरत तडतडणारा ठिपका वाटतो. आकसत आणि लांबत जाणारी अळी, जिच्या मागच्या टोकाला हुकासारखे आकडे असतात, ती चपटी कृमी: डोक्याजवळ डोळ्यांचे चार काळे टिपके असतील तर डॅक्टिलोगायरस, आणि टिपके नसून पोटात पिल्लाचे आकडे दिसत असतील तर गायरोडॅक्टिलस. नुकताच मेलेला मासाही तपासता येतो, पण तो तासाभराच्या आत, कारण यजमान मेला की यांतले अनेक जीव त्याला सोडून जातात.

निऑन टेट्रासारख्या इवल्या माशावर हा प्रयोग करू नये. तेथे लक्षणांवर आणि अंदाजावर चालावे लागते.

चौथी पायरी : टाकीची तयारी

फिल्टरमधील कोळसा काढून ठेवावा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. अतिनील दिवा असल्यास बंद करावा. स्पंज आणि जैविक गाळण मात्र चालू राहू द्यावे. हवेचा एक जादा दगड लावावा, कारण पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. संपृक्त पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू असतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात कल्ल्यांना इजा झालेला मासा आणि प्राणवायू ओढणारे औषध यांची भर पडली, की रात्रीतून टाकी रिकामी होऊ शकते. उन्हाळ्यात वीज जाण्याची शक्यता धरून बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवावा. गोगलगायी आणि कोळंबी दुसऱ्या भांड्यात हलवावीत. अन्न निम्मे करावे. औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वी वाळूतली घाण सायफनने ओढून एक चतुर्थांश पाणी बदलावे, कारण सेंद्रिय गाळ अनेक औषधे निकामी करतो.

आजारी मासा वेगळा काढावा की सगळ्या टाकीवर उपचार करावा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. इक, मखमल आणि चपट्या कृमी यांच्या बाबतीत वेगळा काढण्याने फारसे साधत नाही. परजीवी टाकीत पसरलेले असतात. निरोगी दिसणाऱ्या माशांवरही ते असतात. सगळी टाकीच रुग्ण समजावी. वेगळी टाकी उपयोगी पडते ती मिठाच्या आंघोळीसाठी, लर्निया उपटून काढलेल्या माशासाठी आणि टाकीत किमती वनस्पती असतील तेव्हा सगळेच मासे बाहेर काढण्यासाठी. तशी टाकी म्हणजे ३०-४० लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, वाळू नको.

पांढरे ठिपके

इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस या लांबलचक नावाच्या एकपेशीय जीवाचे, म्हणजे इकचे, तीन टप्पे असतात. आपल्याला दिसणारा ठिपका हा पहिला: परजीवी माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली बसून पेशी खात असतो. त्वचा त्याच्यावर पांघरुणासारखी असते, त्यामुळे पाण्यातले औषध त्याला शिवत नाही. पुरेसा वाढला की तो त्वचा फोडून गळून पडतो, तळाच्या वाळूला किंवा वनस्पतीला चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट कवच तयार करतो. हा दुसरा टप्पा, आणि यातही औषधाचा फारसा उपयोग नाही. कवचाच्या आत तो विभागत जातो. एकाचे शेकडो, कधी हजाराच्या आसपास होतात. मग कवच फुटते आणि पोहणारी पिल्ले बाहेर पडतात. हा तिसरा टप्पा. उबदार पाण्यात साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात, आणि औषधाने मरतात तीही हीच. टाकीतील ठिपके दिसेनासे झाले याचा अर्थ म्हणूनच "बरे झाले" असा नसून "आता तळाशी विभागणी चालू आहे" असाच बहुधा असतो, आणि नेमक्या त्याच दिवशी लोक औषध बंद करतात.

या चक्राचा वेग तापमान ठरवते. २५ अंशांच्या वर ते चारेक दिवसांत पूर्ण होते, १५ अंशांच्या आसपास त्याला दहा दिवस लागू शकतात आणि त्याहून थंड पाण्यात काही आठवडे. डिसेंबर-जानेवारीत इंदुरात रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते आणि हीटर नसलेल्या टाकीचे पाणी सहज १७-१८ अंशांवर येते. अशा टाकीत "तीन दिवस औषध" दिले, तर अंगावरचे बरेचसे परजीवी अजून गळूनही पडलेले नसतात. हिवाळ्यातले उपचार फसतात ते बहुतेक याच कारणाने. म्हणून थंडीत पहिले औषध म्हणजे हीटर. ६० लिटरला ७५ ते १०० वॉटचा पुरतो.

यापुढे दोन मार्ग आहेत, आणि ते एकमेकांत मिसळू नयेत.

पहिला मार्ग उष्णता आणि मीठ यांचा. मॉली, गप्पी, प्लॅटी, गोल्डफिश आणि बहुतेक मोठे सिक्लिड यांच्यासाठी मी हाच आधी सुचवीन. तापमान दर एक-दोन तासांनी अंशभर या गतीने चढवत एक-दोन दिवसांत ३० अंशांवर न्यावे; गोल्डफिशसाठी २७-२८ अंशांवर थांबावे. या परजीवीच्या बहुतेक वाणांची वाढ ३० अंशांच्या पुढे खुंटते, जरी काही वाण तेवढी उष्णता सोसतात. त्याच वेळी लिटरमागे २ ग्रॅम मीठ द्यावे. ६० लिटरच्या टाकीला १२० ग्रॅम होतात. ते ४० ग्रॅमच्या तीन हप्त्यांत, दर बारा तासांनी, आधी मगभर पाण्यात विरघळवून सोडावेत. किराण्याच्या दुकानातले बिनभेसळ जाडे खडे मीठ चालते. सैंधव किंवा पादेलोण नको. रोज सायफनने तळ ओढावा, कारण कवचातले परजीवी तेथेच असतात आणि दर बादलीमागे त्यांची संख्या कमी होते. बाहेर गेलेल्या पाण्याएवढेच मीठ परत द्यावे: १५ लिटर बदलले तर ३० ग्रॅम, पूर्ण १२० नव्हे. उडालेल्या पाण्याच्या भरपाईला मात्र साधेच पाणी घालावे, कारण मीठ वाफेबरोबर जात नाही. हा क्रम १० ते १४ दिवस, शेवटचा ठिपका गेल्यावरही पूर्ण पाळावा. कॉरिडोरास, लोच, बरेच टेट्रा आणि बहुतेक वनस्पती यांना मीठ सोसत नाही.

दुसरा मार्ग मॅलॅकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिन यांच्या तयार मिश्रणाचा. बाटलीवरची मात्रा पाळावी. खवले नसलेल्या माशांसाठी आणि टेट्रांसाठी निम्मी घ्यावी. पाणी २५-२६ अंशांवर ठेवावे, त्याहून वर नेऊ नये, कारण फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू कमी करते आणि गरम पाण्यात ते अधिक विषारी ठरते. मात्रा एक दिवसाआड, प्रत्येक मात्रेपूर्वी एक चतुर्थांश पाणी बदलून, कमीत कमी तीन वेळा द्यावी आणि शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी एक द्यावी. सुटे फॉर्मेलिन वापरणाऱ्यांसाठी दीर्घ उपचाराची रूढ मात्रा दहा लाख भागांत २५ भाग, म्हणजे ६० लिटरला दीड मिलिलिटर आहे. मात्र बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसलेला असेल तर ते फॉर्मेलिन माशांना घातक असते आणि फेकूनच द्यावे. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. मॅलॅकाइट ग्रीन कर्करोगाच्या संशयामुळे खाण्याच्या माशांवर वापरण्यास अनेक देशांत बंदी आहे, तेव्हा टाकीतले हात जेवणाच्या भांड्यांना लागू देऊ नयेत. सिलिकॉनचे सांधे त्याने कायमचे हिरवट होतात, ही तक्रार तुलनेने किरकोळ.

मिथिलीन ब्लू सगळीकडे मिळते आणि स्वस्त असते, म्हणून ते भरपूर खपते. मुख्य टाकीत ते फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू मारते आणि अमोनिया वाढवते. त्याची जागा वेगळ्या टबात.

मखमल रोग

याचा कर्ता पिसिनूडिनियम इकपेक्षा बराच लहान आणि अधिक वेगाने मारणारा. फायटर आणि लहान पिल्ले यांना तो विशेष धरतो. त्याच्यात हरितद्रव्य असते, म्हणून टाकीचा दिवा बंद करून काचांना जाड कापड लावावे. अंधाराने तो मरत नाही, पण दुबळा होतो. तापमान २८ अंश, मीठ वरच्याच क्रमाने, मुदत १० ते १४ दिवस. तांब्याचे औषध गुणकारी आहे, परंतु गोड्या पाण्यात त्याची सुरक्षित मात्रा पाण्याच्या क्षारतेवर अवलंबून असते, त्यामुळे तांबे मोजण्याचा संच हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. बोअरच्या जड पाण्यात निरुपद्रवी ठरलेली मात्रा नर्मदेच्या पाण्यात घातक ठरू शकते.

बुळबुळीचे परजीवी

कॉस्टिया आणि चिलोडोनेला थंड पाण्यात फोफावतात, ट्रायकोडिना घाण पाण्यात. तिघेही त्वचेच्या वरच राहतात, कवचात लपत नाहीत, म्हणून त्यांच्यावर एक-दोन नेमके उपचार पुरतात. सोपा उपाय मिठाच्या आंघोळीचा आहे. टाकीतल्याच १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावे, हवेचा दगड सोडावा आणि मासा त्यात जास्तीत जास्त अर्धा तास ठेवावा. सारा वेळ समोर बसावे. मासा कलंडला किंवा उलटा झाला, की घड्याळ न बघता त्याला साध्या पाण्यात परत न्यावे.

दुसरा उपाय पोटॅशियम परमँगनेटचा, लिटरमागे २ मिलिग्रॅम. ६० लिटरला वर सांगितलेल्या साठा-द्रावणाचे १२० मिलिलिटर लागतात. फिल्टरचा स्पंज आधी टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत हवेसह काढून ठेवावा, नाहीतर जिवाणू माशांच्या आधी मरतील. पाणी गुलाबी-जांभळे होते, आणि ते साधारण चार तास तसे राहायला हवे. अर्ध्या तासातच ते चहासारखे तपकिरी झाले तर टाकीतल्या घाणीनेच औषध खाऊन टाकले असे समजावे. त्याच दिवशी पुन्हा मात्रा न देता तळ साफ करून आठवड्याने प्रयत्न करावा. मासे धापा टाकू लागल्यास सोडियम थायोसल्फेट टाकावे, रंग लगेच उतरतो. क्षारीय पाण्यात परमँगनेटचा तपकिरी अवशेष कल्ल्यांवर बसण्याचा धोका अधिक असतो, म्हणून बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीत मी मिठाची आंघोळच पसंत करतो. परमँगनेट आणि फॉर्मेलिन कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, टाकीत नव्हे आणि कपाटातही नव्हे.

चपट्या कृमी

यांच्यावर इकची औषधे अर्धवट चालतात. खरे औषध प्राझिक्वांटेल, लिटरमागे २ ते ३ मिलिग्रॅम. ६० लिटरला अडीचच्या हिशेबाने १५० मिलिग्रॅम होतात, म्हणजे ६०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग. औषध पाण्यात नीट विरघळत नाही. गोळीची खलात भुकटी करून, थोड्याशा पिण्यायोग्य मद्यार्कात घोटून, मग बाटलीभर पाण्यात जोरात हलवून टाकीभर पसरावे. गोळीतल्या इतर द्रव्यांमुळे पाणी दोन दिवस गढूळ राहते, त्याने घाबरू नये, मात्र हवा पुरेशी ठेवावी. कुत्र्यांच्या जंतांच्या गोळ्यांत प्राझिक्वांटेलबरोबर इतर औषधेही मिसळलेली असतात, तेव्हा त्या वापरू नयेत.

वेळापत्रक कृमीच्या जातीवर ठरते. गायरोडॅक्टिलस थेट पिल्ले प्रसवते. एक मात्रा पाच-सात दिवस पाण्यात ठेवून पुरते, दुसरी खात्रीसाठी. डॅक्टिलोगायरस अंडी घालते आणि अंड्यांवर औषधाचा परिणाम होत नाही. म्हणून पहिल्या मात्रेनंतर आठवड्याने निम्मे पाणी बदलून दुसरी आणि त्यानंतर आठवड्याने तिसरी मात्रा द्यावी. पाणी २५ अंशांच्या वर ठेवल्यास अंडी लवकर उबतात आणि हे अंतर जुळते. थंड टाकीत तेच वेळापत्रक अपुरे पडते. सूक्ष्मदर्शक नसेल तर तिन्ही मात्रा द्याव्यात.

लर्निया आणि आर्ग्युलस

हे दोन्ही कोळंबीच्या दूरच्या नात्यातले जीव, आणि दोन्ही तलावात वाढवलेल्या गोल्डफिश व कोई यांबरोबर येतात. लर्नियाची मादीच तेवढी माशात रुतते; तिचे नांगरासारखे डोके स्नायूत असते आणि बाहेर लोंबणाऱ्या दोऱ्याच्या टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. ओल्या फडक्यात मासा धरून, डोळे झाकून, टोकदार चिमट्याने दोरा त्वचेच्या अगदी लगत पकडावा आणि तो ज्या दिशेला झुकला असेल त्याच दिशेने, न झटकता, सावकाश ओढावा. मध्येच धरला तर तो तुटतो, डोके आत राहते आणि जखम चिघळते. निघालेल्या जागी कापसाच्या बोळ्याने पोव्हिडोन आयोडीन टेकवावे, कल्ल्यांना लागू देऊ नये. फार खोल रुतलेला किंवा डोळ्याजवळचा लर्निया असेल तर पशुवैद्याला विचारावे. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयामुळे ही सोय इंदुरापासून फार लांब नाही.

दिसणारे दोरे उपटल्याने काम निम्मेच होते. पाण्यातली पिल्ले अजून वाढत असतात, आणि उबदार पाण्यात त्यांचे चक्र तीन-साडेतीन आठवड्यांचे असते. डायफ्लुबेन्झुरॉन असलेले मत्स्यालयाचे तयार औषध या जीवांची कात टाकण्याची क्रिया बिघडवते. ते सूचनेप्रमाणे, चक्र संपेपर्यंत, महिनाभर चालू ठेवावे. त्याने कोळंबीही मरते.

आर्ग्युलस चिमट्याने सहज निघतो, पण तो काचेवर आणि दगडांवर रांगेने अंडी चिकटवून गेलेला असतो, आणि ती उबायला दोन-तीन आठवडे, थंडीत त्याहून जास्त लागतात. काचा ब्लेडने खरवडाव्यात, दगड काढून उन्हात कडक वाळवावेत. शेततळ्यांसाठी विकली जाणारी डेल्टामेथ्रिनसारखी औषधे घरातल्या टाकीत थेंबानेही वापरू नयेत. माशाला सोसेल त्यापेक्षा किंचित जास्त मात्राही त्याचा जीव घेते आणि एवढ्या लहान पाण्यात ती मात्रा हाताने मोजता येत नाही.

उपचारानंतर

मुदत संपल्यावर दोन-तीन दिवस रोज एक चतुर्थांश पाणी बदलून मग कोळसा परत घालावा. अमोनिया आठवडाभर मोजत राहावे. मीठ याच बदलांतून आपोआप उतरते.

इंदुरात विकले जाणारे शोभेचे मासे बहुतांशी कोलकाता, चेन्नई आणि मुंबई येथून पिशव्यांतून प्रवास करून येतात, आणि प्रवासाने थकलेल्या माशावर परजीवी वाढायला वेळ लागत नाही. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टबात, स्वतंत्र जाळी आणि स्वतंत्र सायफन यांसह ठेवावा. दुकानातल्या पिशवीचे पाणी टाकीत ओतू नये. मासा जाळीने उचलून घ्यावा आणि पिशवी मोरीत रिकामी करावी. सिरपूर किंवा बिलावली तलावातून शेवाळ, वनस्पती, जिवंत खाद्य आणू नये, आणि आजारी किंवा नकोसे झालेले मासे तेथे सोडू तर मुळीच नयेत. सिरपूर २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. दोन टाक्यांत एकच जाळी वापरावी लागत असेल तर मधल्या वेळात ती उन्हात पूर्ण कोरडी होऊ द्यावी. इकची कवचे कोरडेपणात टिकत नाहीत, पण ओलसर जाळीत ती एका टाकीतून दुसऱ्या टाकीत सहज जातात.